गिअरबॉक्स उघडण्याआधी

5 जुलै 2001 रोजी जबलपूरच्या गौरीशंकर परेड ग्राउंडवर दहा मोटरसायकलींवर 201 माणसे चढली. भारतीय लष्कराच्या सिग्नल कोअरचे ते 'डेअर डेव्हिल्स' पथक. पट्टा नाही, दोर नाही. केवळ हातापायांच्या पकडीवर रचलेला तो मानवी मनोरा 129 मीटर पुढे गेला आणि जागतिक विक्रमात नोंदला गेला. अशा कसरतीचे छायाचित्र पाहताना लोकांची नजर वर जाते, टोकावर तिरंगा धरून उभ्या असलेल्या जवानाकडे. ज्याला यंत्रांची आवड आहे तो खाली बघतो. माणशी सरासरी 60 किलो धरले तरी एकूण 12 टन होतात, म्हणजे एकेका गाडीवर 1200 किलो. एवढे ओझे जागचे हलवायचे, दहाही गाड्या एका रेषेत आणि एका गतीने चालवायच्या, आणि त्यातल्या एकाही गाडीने मधेच गिअर सोडायचा नाही. एका गाडीचा गिअर निसटला असता तर तिचे इंजिन ओरडत राहिले असते, गाडी मागे पडली असती आणि वरची माणसे कोसळली असती.

जबलपूरला हे वेड नवे नाही. डेअर डेव्हिल्स पथक 1935 पासूनचे. सिग्नल कोअरचे प्रशिक्षण केंद्र इथल्या छावणीत आहे, आणि बिनतारी यंत्रे आल्यावरही मोटरसायकलवरून निरोप नेणारा डिस्पॅच रायडर या कोअरच्या अभिमानाचा विषय राहिला. शिवाय हे गाव कारखान्यांचे. गन कॅरेज फॅक्टरी 1904 ची, खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, व्हेइकल फॅक्टरी 1969 ची. लष्कराच्या प्रसिद्ध 'जोंगा' गाडीच्या नावातले पहिले अक्षर जबलपूरचेच आहे. 1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती, त्यामुळे नोकरीनिमित्त इथे येऊन राहिलेली मराठी घरेही बरीच. आयुष्यभर तोफेच्या गाड्याचे सुटे भाग मायक्रोमीटरने मोजलेला माणूस निवृत्तीनंतर अंगणात जुनी बुलेट उघडून बसला, तर या गावात त्याचे कुणाला नवल वाटत नाही.

अशा गाडीची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे 'गिअर स्लिप मारतोय'. मिस्त्रीकडे गाडी लावताना लोक एवढेच सांगतात, आणि घाईतला मिस्त्री एवढ्यावरच गिअरबॉक्स खोलतो. या प्रकरणात मला सांगायचे आहे ते असे: ही तक्रार ज्या गाड्यांबद्दल होते त्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा गिअरबॉक्स उघडायची गरजच नसते. गिअरचे पोलादी दाते एकमेकांवरून घसरत नाहीत. ते एक तर गुंतलेले असतात, नाही तर तुटलेले. घसरतो तो क्लच. उडी मारते ती चेन. निसटतो तो 'डॉग'. आणि पुष्कळदा यातले काहीच झालेले नसते. पायाच्या लिव्हरपासून आतल्या फोर्कपर्यंतची जोडणी थोडी हललेली असते, बस्स.

यात बुलेटच उदाहरणाला का घ्यायची, तेही सांगतो. 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात सीमेवरच्या गस्तीसाठी लष्कराने 350 सीसीच्या 800 बुलेट मागवल्या. त्या मागणीतून 1955 मध्ये मद्रास मोटर्सने इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डबरोबर एनफिल्ड इंडिया उभी केली, आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात बुलेट बनू लागली. तिचा चार गिअरचा बॉक्स मूळ बर्मिंगहॅमच्या अल्बियन कंपनीच्या घडणीचा. इंग्लंडमध्ये ती घडण कधीच इतिहासजमा झाली. आपल्याकडे मात्र चार-पाच दशके तोच बॉक्स जवळपास तसाच बनत राहिला. पाय उजवा, पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली, आणि टाचेने दाबायची न्यूट्रलची वेगळी लिव्हर. हा बॉक्स इंजिनाच्या पोटात नाही, मागे वेगळा बोल्टांनी जोडलेला आहे. त्यामुळे इंजिनाला हात न लावता, गाडी स्टँडवर असतानाच तो उजव्या बाजूने उघडता येतो. यामाहा आरएक्स 100, येझदी किंवा हिरो होंडा सीडी 100 यांच्या बाबतीत हे सुख नाही. त्यांचा गिअरबॉक्स आणि क्रँक एकाच कवचात असल्याने गिअर बघायचा तर इंजिन उतरवून क्रँककेस मधोमध फाकवावी लागते. म्हणून त्या गाड्यांच्या मालकाने पुढची बाहेरची तपासणी दुप्पट मन लावून करावी.

सुरुवात किकपासून. जुन्या बुलेटमध्ये किकचा जोर थेट इंजिनाला जात नाही. तो गिअरबॉक्सच्या खालच्या शाफ्टवर जातो, तिथून मुख्य शाफ्टवर, तिथून क्लचवर, क्लचवरून प्रायमरी चेनने क्रँकला. याचा अर्थ किक मारताना तुम्ही नकळत क्लच तपासतच असता. इंजिनाच्या दाबाविरुद्ध किक दाबली, ती मऊ, तेलकट घसरणीने खाली गेली आणि पिस्टन हललाच नाही, तर क्लच धरत नाही. तीच किक 'कडक्' असा आवाज करून एकदम सुटली तर दोष किकच्या खटक्याचा, म्हणजे आतल्या रॅचेटचा. बसल्या जागी, एक पैसा न खर्चता, दोन दोष वेगळे झाले.

मग रस्त्यावर. जबलपुरात डुमन्याकडे जाणारा झाडीतला चढउताराचा रस्ता यासाठी उत्तम. मदन महालची चढणही चालेल. गाडी चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या आसपास आणा आणि चढावर अॅक्सिलेटर पूर्ण उघडा. इंजिनाचा आवाज चढत गेला, वेग मात्र तोच राहिला, आणि अॅक्सिलेटर सोडताच सगळे पुन्हा जुळले, तर हे क्लचचे घसरणे. लक्षात ठेवण्याची खूण अशी की क्लच घसरताना धक्का बसत नाही. गिअर निसटतो तेव्हा खाडकन आवाज होतो, लिव्हर हलल्याचे पायाला कळते आणि मग गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी मोकळी होते; अॅक्सिलेटर सोडून ती आपोआप जुळत नाही, गिअर पुन्हा टाकावा लागतो. चेनची तऱ्हा आणखी वेगळी. जोर दिला की मागून 'टक्‌ टक्‌' असे झटके येतात, पण गिअर आपल्या जागी असतो.

क्लच घसरत असेल तर आधी केबल. हँडलवरच्या लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळी हालचाल असायलाच हवी. ती नसेल तर तुम्ही हात काढला तरी केबल क्लच थोडासा दाबून धरते आणि प्लेटा रोज थोड्या जळतात. बुलेटमध्ये याच कामाचा दुसरा स्क्रू उजव्या बाजूला गिअरबॉक्सच्या छोट्या झाकणाआड असतो, कारण क्लच ढकलणारी काडी मुख्य शाफ्टच्या पोकळीतून आरपार जाते. केबल बदलताना या स्क्रूकडे हटकून दुर्लक्ष होते. प्लेटा झिजल्या की त्यांचा गठ्ठा बारीक होतो, काडीला जागा कमी पडते आणि केबल कितीही सैल केली तरी क्लच पूर्ण बसत नाही. लॉकनट ढिला करायचा, स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत घ्यायचा, थोडा मागे फिरवायचा आणि नट कसायचा. काम एवढेच. त्यानंतरही घसरण राहिली तर प्लेटा आणि स्प्रिंगा बघा.

तेलाचा मुद्दा इथेच येतो. ज्या गाडीचा क्लच तेलात बुडलेला असतो तिच्यात मोटारकारचे, घर्षण कमी करून पेट्रोल वाचवणारे तेल घातले की क्लच तक्रार करू लागतो. या कारणासाठीच जपानी वाहन उद्योगाने 1998 मध्ये दुचाकींच्या तेलासाठी वेगळे मानक आणले. डब्यावर 'जासो एमए' लिहिलेले असेल तर ते तेल ओल्या क्लचला चालते. बुलेटची आणखी एक खोड म्हणजे गिअरबॉक्समध्ये तेल गरजेपेक्षा जास्त भरले की ते त्याच पोकळ शाफ्टमधून, काडीच्या कडेने, डावीकडे क्लचमध्ये पोहोचते. 'जास्त तेल, जास्त आयुष्य' असे मानणाऱ्यांचा क्लच नेमका यामुळे घसरत असतो. ते क्लच प्लेटा बदलतात, काही महिन्यांनी पुन्हा तेच, आणि शेवटी सुट्या भागांच्या कंपनीला शिव्या देतात.

चेनची परीक्षा सोपी आहे. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून ओढा. अर्धा दाता उघडा पडला तर चेन गेली. मोजूनच बघायचे तर या गाडीच्या चेनचा पिच 15.875 मिलिमीटर. ताणून धरलेल्या वीस पिचांची लांबी 317.5 भरायला हवी. ती 324 च्या पुढे गेली तर चेन दोन टक्क्यांहून जास्त वाढली. नवी चेन जुन्या, आकड्यासारख्या वाकलेल्या दात्यांच्या गरारीवर (इकडचे मिस्त्री स्प्रॉकेटला गरारीच म्हणतात) घालू नये. पुढची गरारी बदलायची टाळाटाळ सगळेच करतात, कारण बुलेटमध्ये ती क्लचच्या मागे दडलेली असते आणि तिथवर जायला प्रायमरी केस उघडून क्लच उतरवावा लागतो.

किक, क्लच, चेन सगळे ठीक निघाले आणि तरी गिअर निसटतोच आहे. आता संशय गिअरबॉक्सवर. पण अजून पाने बाहेर काढायचे नाहीत. तीन गोष्टी टिपायच्या. कोणता गिअर निसटतो? जोर देताना निसटतो की अॅक्सिलेटर सोडून उतरताना? आणि लिव्हर पायाने दाबून धरली तर टिकतो का?

दाबून धरल्यावर टिकत असेल, किंवा एकाऐवजी दोन-तीन गिअरांचे हेच होत असेल, तर बहुधा आतले भाग शाबूत आहेत आणि निवड करणारी यंत्रणा गिअरला पूर्ण जागेवर नेत नाही. पहिल्यांदा लिव्हरच बघा. ती शाफ्टच्या बारीक खाचांवर बसते. बोल्ट ढिला राहून त्या खाचा झिजल्या की पायाची अर्धी हालचाल तिथेच वाया जाते. त्यानंतर बाहेरच्या झाकणाआडची पायाची यंत्रणा. एका दाबाला एकच गिअर पुढे जावा यासाठी तिथे रॅचेट असते आणि तिची हालचाल कुठे थांबावी हे एक पट्टी ठरवते. पट्टीचे नट ढिले केले की ती थोडी इकडेतिकडे सरकते. मधल्या गिअरमध्ये ठेवून लिव्हर वर आणि खाली हलवून बघायची. दोन्हीकडे हालचाल सारखी झाली पाहिजे. एका दिशेला कमी पडत असेल तर त्या दिशेचा गिअर अर्धवट बसतो. दोन गिअरांच्या मधे गाडी मोकळी सुटते, ज्याला सगळे 'फॉल्स न्यूट्रल' म्हणतात, तो प्रकार बहुतेक वेळा इथला. जुन्या बुलेटवाल्यांनी या दोषाला गाडीचा स्वभाव मानून टाकले आहे. मला ते मान्य नाही. नीट लावलेला अल्बियन बॉक्स सावकाश चालतो, पण खोटे बोलत नाही.

आणि याच पट्टीकडे वर्षानुवर्षे न बघण्यातून पुढचे मोठे दुखणे जन्माला येते. ते समजण्यासाठी बॉक्सच्या आत काय चालते ते पाहायला हवे.

मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना दात्यांत दाते घालायचे नसतात. जोड्या कायम गुंतलेल्याच फिरत असतात. त्यातल्या काही शाफ्टवर मोकळ्या फिरतात. गिअर टाकणे म्हणजे मोकळ्या चाकाला शेजारच्या चाकाशी जखडणे, आणि ते काम करतात चाकाच्या बाजूला असलेली जाड बोटांसारखी उंचवट्यांची जोडी, म्हणजे डॉग. सरकणाऱ्या चाकाच्या खाचेत फोर्क बसलेला असतो. फोर्क त्याला बाजूला ढकलतो आणि डॉग समोरच्या डॉगांमध्ये शिरतात. इंजिनाचा सगळा टॉर्क या डॉगांच्या कडांवरून पुढे जातो. बुलेटच्या पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स हा टॉर्क जवळपास पावणेतीन पट करतो, त्यामुळे चढावर ओझे घेऊन निघताना या कडांवर किती ताण येत असेल याचा अंदाज करा.

नव्या डॉगची कड सरळ उभी नसते, ती मुळाकडे किंचित आत कलती केलेली असते. दोन्ही हातांची बोटे आकड्यासारखी वाकवून एकमेकांत अडकवा आणि हात ओढा: जितके ओढाल तितकी पकड घट्ट होते. कलत्या कडांमुळे डॉगांचे तेच होते; जोर आला की ते एकमेकांना आत ओढून घेतात. आता बोटे थोडी सरळ करून ओढा. सुटतात. डॉगचे कोपरे गोल झाले की जोर त्यांना आत ओढण्याऐवजी बाहेर ढकलू लागतो. त्या वेळी गिअर जागी ठेवण्याचे काम फोर्कवर आणि स्प्रिंगने दाबलेल्या छोट्या खिट्टीवर येऊन पडते. दोघांनाही त्या कामासाठी बनवलेले नाही. फोर्क फिरत्या चाकाच्या भिंतीवर सतत घासतो, तापतो, त्याचे टोक निळे पडते आणि झिजते. तो झिजला की चाक पूर्ण आत जात नाही, डॉग नुसत्या टोकांवर पकडतात, कोपरे आणखी गोल होतात. एक भाग दुसऱ्याला खातो.

काही मिस्त्री इथे खिट्टीची स्प्रिंग जास्त ताठ बसवून देतात. गिअर आठवडा-पंधरा दिवस टिकतो, मालक खूश होतो आणि त्या काळात फोर्क दुप्पट वेगाने झिजतो. हा उपाय मी कुणालाही सुचवणार नाही. खिट्टीची मूळ स्प्रिंग दमली किंवा तुटली असेल तर नवी घालावी, पण कंपनीची होती तेवढ्याच ताकदीची.

सुरुवातीला डॉग गोल होतात ते अर्धवट बसलेल्या गिअरमुळे. पट्टी हललेली असते, किंवा क्लच पूर्ण सुटत नाही म्हणून गिअर 'खर्र' करत टाकला जातो, किंवा चालवणाऱ्याला लिव्हरवर पाय ठेवून बसायची सवय असते. शेवटचे कारण आपल्याकडे फार. पायाचे वजन खिट्टीला तिच्या खाचेतून सतत थोडे उचलून धरते.

वर टिपलेल्या प्रश्नांची उत्तरे आता उपयोगी पडतात. एकच गिअर आणि तोही जोर देतानाच निसटत असेल तर त्या गिअरच्या डॉगची ओढणारी कड गेली आहे. उतारावर, अॅक्सिलेटर सोडल्यावर निसटत असेल तर उलटी कड. बुलेटमध्ये आणखी एक सोय आहे. तिचा चौथा गिअर थेट असतो, मुख्य शाफ्टचा टॉर्क खालच्या शाफ्टवर न जाता सरळ बाहेरच्या गरारीला मिळतो. पहिल्या तीन गिअरांत घरघर आणि चौथ्यात शांतता असेल तर खालचा शाफ्ट आणि त्याचे बुश संशयित. चारही गिअरांत आवाज असेल तर मुख्य बेअरिंग बघायचे. एवढे कागदावर लिहून मग पाना हातात घ्यावा.

उघडण्याच्या कामाचे बारकावे गाडीच्या माहितीपुस्तकातून घ्यावेत; इथे फक्त फसण्याच्या जागा सांगतो. तेल गरम असताना काढा आणि पांढऱ्या थाळीत बघा. तळाशी राखाडी पीठ दिसले तर ते नेहमीची झीज. नखाला टोचणारे चकत्यांसारखे तुकडे दिसले तर कुठला तरी दाता किंवा बेअरिंग फुटले आहे. उजवीकडची झाकणे निघाली की बरेच काही दिसते, पण सगळे बाहेर काढायचे तर डावीकडचा क्लचही उतरवावा लागतो, कारण मुख्य शाफ्टच्या त्या टोकावर तोच बसलेला आहे. क्लच काढायला पुलर लागतो. हातोडा आणि छिन्नीने काढलेले क्लच मी पाहिले आहेत. त्यानंतर त्या शाफ्टचे आटे कुणी पाहू नयेत. प्रत्येक वायसर आणि शिम कुठल्या बाजूला, कुठल्या क्रमाने होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शाफ्टची लांबीच्या दिशेने होणारी हालचाल या पातळ चकत्यांवर ठरते, आणि एक चकती उलट बाजूला गेली की सगळे नवे भाग घालूनही गिअर निसटतोच.

धुतलेले भाग उन्हात धरा. डॉगचे कोपरे भिंगातून पाहा. चकचकीत, उतरता पट्टा दिसला तर तो डॉग संपला. फोर्कची टोके व्हर्नियरने मोजा, निळेपणा शोधा, फोर्क सपाट काचेवर ठेवून वाकला आहे का ते पाहा. फोर्क ज्या खाचेत फिरतो ती खाचही तपासा. नवा फोर्क जुन्या रुंद खाचेत घालणे हे अर्धे काम. चाके शाफ्टवर ठेवून हलवा. बुश झिजलेले असतील तर चाक तिरके होते आणि तिरक्या चाकाचे डॉग एकाच कोपऱ्यावर सगळा भार घेतात. असे चाक नवे घातले तरी बुश जुना राहिला तर वर्षभरात पुन्हा तेच.

दुरुस्ती की बदल, हा प्रश्न जबलपूरसारख्या गावात जास्त छळतो, कारण इथे लेथ आणि ग्राइंडर चालवणारे हात चांगले आहेत आणि त्यांचा उत्साह दांडगा आहे. 'भराव मारून देतो' असे कुणीतरी म्हणतेच. डॉगवर वेल्डिंगचा भराव घालणे म्हणजे ते चाक भंगारात काढणे. गिअरचे पोलाद आतून चिवट आणि बाहेरून फार कठीण असते. पृष्ठभागात कार्बन मुरवून केलेला तो कठीण थर मिलिमीटरभरही जाड नसतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो मऊ पडतो आणि आजूबाजूचा भाग वाकतो. डॉगच्या कडांना पुन्हा आतला कल देणे मात्र शक्य आहे. शर्यतीच्या गाड्यांवर ते मुद्दाम करतात. चांगल्या ग्राइंडरवर, दोन्ही समोरासमोरच्या डॉगांवर एकाच कोनात, आणि फक्त काही अंशांचा कल. यातही धोका तोच: जास्त घासले तर कठीण थर निघून जातो, आणि सगळ्या डॉगांवर सारखे घासले नाही तर भार एकट्यावर येतो. ज्याने आधी हे केले आहे अशाच माणसाला द्यावे; नाही तर नवे चाक घ्यावे, आणि तेही जोडीने.

नवे भाग मिळण्याची अडचण या गाडीला नाही. घडण इतकी वर्षे तशीच राहिल्यामुळे दिल्लीच्या करोल बागेत किंवा पुण्याच्या नाना पेठेत चार गिअरच्या बॉक्सचे भाग सापडतात. अडचण दर्जाची आहे. दुकानात डॉगच्या कडेवर कानस अलगद ओढून बघावी, दुकानदाराची परवानगी घेऊन. कानस घसरली तर पोलाद कठीण आहे. चावली तर ते चाक परत ठेवावे. काही जण या सगळ्याला कंटाळून पाच गिअरचा नंतरचा बॉक्सच बसवतात. तो त्याच इंजिनामागे बसतो आणि खरेच गुळगुळीत चालतो. त्यात गैर काही नाही. पण टाचेची ती न्यूट्रलची लिव्हर, सिग्नलवर थांबताना वरच्या गिअरमधून एका दाबाने न्यूट्रल देणारी, त्या व्यवहारात जाते. मला ती मोठी किंमत वाटते.

जोडताना घाई करू नका. खालच्या शाफ्टला लांबीच्या दिशेने हाताला जेमतेम जाणवेल इतकीच हालचाल हवी. झाकण लावायच्या आधी, क्लच बसवण्याच्याही आधी, शाफ्ट हाताने फिरवत सगळे गिअर वरखाली करून पाहा. प्रत्येक गिअरमध्ये डॉग पूर्ण खोल शिरलेले डोळ्यांना दिसले पाहिजेत. कानाला लागलेला 'टक्‌' आवाज पुरेसा नाही. हे बघण्याची संधी झाकण लागल्यावर परत मिळत नाही. मग झाकण, पायाची यंत्रणा, आणि पट्टी पुन्हा नव्याने लावणे, कारण नवा फोर्क आला म्हणजे जुने माप बाद झाले.

या बॉक्सच्या तेलाबद्दल दोन पंथ आहेत. जुना बॉक्स मूळचा पातळ ग्रीसवर चालणारा. त्याच्या झाकणांतून तेल पाझरते म्हणून अनेक मिस्त्री ग्रीस आणि तेल मिसळून घालतात. दाट, चिकट ग्रीस मात्र कधीच नको. दाते त्यात चर खणतात आणि पुढे कोरडेच फिरत राहतात. जबलपूरच्या उन्हाळ्यात पारा 40 च्या वर गेल्यावर ते वितळेल या आशेवर राहू नये, कारण जानेवारीच्या सकाळी तेच ग्रीस गिअर बदलू देत नाही. ट्रकच्या डिफरन्शिअलसाठीचे 'जीएल-5' दर्जाचे गिअर ऑइलही टाळावे. त्यातली गंधकाची रसायने कांस्याच्या बुशांना कालांतराने खातात, 'जीएल-4' चालते.

पहिली फेरी लहान आणि सपाट रस्त्याची असू द्या. प्रत्येक गिअर शांतपणे, क्लच पूर्ण दाबून टाका. दुसऱ्या दिवशी मदन महालच्या चढणीवर एकट्याने, मग मागे माणूस बसवून. ज्या गिअरची तक्रार होती त्यात आधी जोर देऊन आणि नंतर अॅक्सिलेटर सोडून, दोन्ही तऱ्हेने पाहा. तीनशे-चारशे किलोमीटरनंतर तेल काढून त्याच पांढऱ्या थाळीत ओता. थोडी राखाडी चमक दिसेल, ती नव्या कडा बसल्याची. नवे तेल भरा, गिअरबॉक्स इंजिनाला धरून ठेवणारे नट पुन्हा कसा, प्रायमरी चेनचा ताण बघा आणि क्लचच्या केबलला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक उरली आहे ना, ते एकदा तपासा.